बिनथैलीची वाट

९ डिसेंबर २०२४, सोमवार. सकाळी सव्वासातला पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीतल्या टिनाच्या शेडखाली हेमराज डिगरसेनं पंधरा माणसांचे मिळून २३,२५० रुपये मोजले, रबर लावलं आणि स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवले. माणशी दीड हजार आणि वर पन्नास. पन्नास कशाचे, असं तिघांनी वेगवेगळं विचारलं. "दवाई, काडीपेटी आणि चटयांचा किराया," असं त्यानं तिन्ही वेळा सांगितलं. चौथ्यानं विचारलं तेव्हा त्यानं त्या तिघांकडं बोट दाखवलं.

सगळ्यात आधी पैसे दिले होते भाऊराव नारनवरेंनी. वर्गणी ठरली त्याच दिवशी, घडी करून आणलेल्या नोटा. देताना त्यांचा हात इतका हलत होता की नोटा वाजत होत्या.

"जयभीम, काटाबाबू. मोजून घे. माझा हात मोजू देत नाही आता."

पांढुर्ण्यात हेमराजला बहुतेक लोक बाबू म्हणत. गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये तो पस्तीस वर्षांपासून काट्यावर होता. कापसाची गाडी आली की वजन, गाठी निघाल्या की मोजणी. सौंसरला बी.कॉम. करून आला तेव्हा केस दाट होते आणि दोन वर्षं काढून नागपूरला जायचं असा बेत होता. येत्या ३१ मे रोजी त्याला अठ्ठावन्न पूर्ण होऊन मालक मोकळं करणार होता. अक्षर चांगलं आणि स्वभाव पडता, त्यामुळं गावातल्या लग्नांच्या याद्या, तेराव्याचा किराणा, सत्कारांचे हार हे सगळं याच्याकडं यायचं. याद्या करणारा माणूस पंगतीत शेवटी बसतो. इतक्या वर्षांत हेमराजला गरम पोळी किती वेळा मिळाली हे बोटांवर मोजता आलं असतं.

आता हे जंगलाचं शिबिरही त्याच्याकडंच आलं होतं.

मंडीतल्या शेडखाली लिलावाच्या आधी, सकाळी सहा ते सात, यांचं योगाचं मंडळ बसायचं. अध्यक्ष भगवंतराव ढोले, वय सहासष्ट, सौंसर रस्त्यावर संत्र्याची नऊशे झाडं. पंधरा जणांतले अकरा जण बागायतदार. बाकी एक औषधाचा दुकानदार, एक मास्तर, हेमराज आणि भाऊराव. भगवंतरावांचा मुलगा वैभव नागपूरला नोकरीला. दिवाळीला आला तेव्हा त्यानं बापाला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली: जंगलात तीन दिवस, तंबूत मुक्काम, सकाळी योग, दुपारी डोंगर. कंपनीची माणसं जातात म्हणे, आणि परत आली की महिनाभर खूश असतात.

"भाव काय त्याचा?" भगवंतरावांनी विचारलं होतं.

"आठ हजार एकाचे."

"आठ हजार! जमिनीवर झोपायचे?" हे ते मंडळात सांगताना स्वतःच हसले. "अरे, आपण काय कमी हाय का? आपलं आपणच करू. हेमराज हाय नं."

झालं. हेमराज होताच.

तारखेची गोष्ट दोन मिनिटांत मिटली. "झाडं ताणावर असतील तेव्हाच जमते," भगवंतराव म्हणाले आणि अकरा माना हलल्या. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. महिनाभर झाड तहानलेलं ठेवायचं, पानं जरा मलूल होऊ द्यायची. जानेवारीच्या मध्यात पाणी सोडलं की मग फूल निघतं. तेवढा महिना मालक मोकळा. सोयरिकीची बोलणी, डोळ्यांची ऑपरेशनं, कोर्टाच्या तारखा, सगळं बागायतदार त्याच महिन्यात उरकतात. तीन, चार आणि पाच जानेवारी ठरली.

जानेवारी म्हणजे जिनिंगचा भर. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जाते. पस्तीस वर्षांत हेमराजनं जानेवारीत सुट्टी घेतली नव्हती. मुलीचं लग्नसुद्धा मे महिन्याच्या उन्हात केलं. पण तुला चालते का, हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. मालकाकडं चार वेळा जाऊन तीन दिवसांची सुट्टी मागितली. चौथ्यांदा मालक म्हणाला, "जा बापा, एकदाचा जा," आणि कपाळाला हात लावला.

जागा त्यानंच शोधली. तामियाच्या पुढं एका खेड्यात विजय उइके नावाचा माणूस आपल्या शेतात तंबू लावून द्यायचा. माणशी दोनशे दहा रुपये आगाऊ, ते परत मिळणार नाहीत, असं त्यानं फोनवर साफ सांगितलं. हेमराजनं ३,१५० रुपये पाठवून दिले. मग यादी सुरू झाली. पोहे तीन किलो, बेसन दोन, ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी, सतरंज्या, मेणबत्त्या, पोटाच्या गोळ्या. त्यावर रोज सकाळी नवी फर्माइश. एकाला वांगं चालत नाही. दुसऱ्याला अंघोळीला गरम पाणी पाहिजे. मास्तरांना घोरणाऱ्याच्या तंबूत झोपायचं नव्हतं.

"घोरते कोण कोण, ते हात वर करा," हेमराज म्हणाला.

एकही हात वर झाला नाही.

"मंग अडचण काय हाय, मास्तर?"

शेड हसलं. हेमराजला हसू आलं नाही. रात्रपाळीची मोजणी करून तो तसाच आला होता.

या सगळ्यात भाऊरावांनी काही मागितलं नाही. त्यांनी तिगावच्या पोस्टातून चौतीस वर्षं टपाल वाटलं होतं. आधी पायी, मग सायकलीनं, शेवटी पुन्हा पायीच, कारण गुडघा सायकल मारू देईना. खांद्यावर थैली. अजूनही त्यांचा डावा खांदा खाली असे, थैली नसतानाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कंपवात सुरू झाला. आधी बोटं, मग हात, आता पाय. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. उंबरठा, नाली, दाराची चौकट आली की हमखास. माणूस उभा असतो, जायचं असतं, पाय ऐकत नाहीत. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, चालून घ्या, उन्हाळ्यापर्यंत कसं राहते ते पाहू. डॉक्टर लोक 'पाहू' म्हणतात त्याचा अर्थ भाऊरावांना कळत होता.

त्यांनी हेमराजला एकट्याला एकदा सांगितलं होतं, शेडमधून घरी जाताना. "काटाबाबू, मी किती चाललो असन? पण रिकाम्या खांद्यानं एक दिवस नाही चाललो. जिथं गेलो तिथं कोणाचं तरी काहीतरी पोचवायले गेलो. मनीऑर्डर, मयताचा कागद, बोलावणं. माणूस दारात उभाच राहते, तुमच्या तोंडाकडं नाही पाहत, हाताकडं पाहते. एकदा अशा रस्त्यानं चालायचं हाय, जिथं माझी कोणी वाट पाहून नाही राहिलं. बस, येवढंच."

हेमराज तेव्हा "हाव" म्हणाला होता.

१६ डिसेंबरला भाऊराव तपासणीसाठी नागपूरला गेले होते. त्या सकाळी शेवटचं आसन झाल्यावर भगवंतरावांनी घसा खाकरला.

"एक गोष्ट बोलायची राहिली. भाऊरावचं काय करायचं?"

काय करायचं, म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलं. मंडळ शांतपणे बसायचं कसं ते भाऊरावांकडूनच शिकलं होतं; शेवटची दहा मिनिटं ते विहारात बसतात तसं सगळ्यांना बसवायचे.

"मी काय त्याचा दुश्मन हाय का?" भगवंतराव म्हणाले. "पण जंगल हाय. चढ हाय. कुठं अटकला, पडला, तं उचलून कोण आणन? आपण सगळे साठीचे. अन सुमनबाईले तोंड कोण दाखवन?"

"माणूस गाडीजवळ बसून राहिला तं..." मास्तर म्हणाले.

"मंग नेता कायले? बसायले त्याचं घर नाही का?"

हेमराजला रिकाम्या खांद्याची ती गोष्ट आठवली, पण त्यानं घड्याळ पाहिलं. लिलावाच्या गाड्या आत येऊ लागल्या होत्या आणि त्याला आठला काट्यावर पोचायचं होतं.

"हेमराज, तू सांग त्याले," भगवंतराव उठता उठता म्हणाले. "तुझं ऐकते तो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पाकिटात १,५५० रुपये घालून भाऊरावांकडं गेला. रेल्वे फाटकाजवळ दोन खोल्यांचं घर, पुढं निळा रंग दिलेला लोखंडी दरवाजा. सुमनबाई भाजी निवडत होत्या. "या भाऊजी, चहा मांडते," म्हणून त्या आत गेल्या. भाऊराव खाटेवर बसून पायाला तेल लावत होते.

"मी बूट घेतले," त्यांनी आधीच सांगितलं. "नागपुरात. तळवा जाड हाय. डॉक्टर म्हणे, चांगलं केलं."

खाटेखाली नवे बूट होते. खोक्याचा कागद अजून आत कोंबलेला होता.

हेमराजनं पाकीट पुढं केलं. "भाऊराव, गाडीत जागा कमी पडून राहिली. चौदा सीटचीच भेटली. मी म्हटलं, आता..."

"हाव का?"

"हाव."

भाऊरावांनी पाकीट घेतलं, उघडलं, आणि बराच वेळ लावून एकेक नोट बाजूला केली. "पन्नासही वापस करून राहिला? म्हणजे माझ्या वाटची काडीपेटीसुद्धा नाही पेटवत तुम्ही."

चहा आला. तिघांनी प्याला. कप उचलताना सुमनबाईंनी बूट पायानं खाटेखाली आणखी आत सरकवले. तेवढं मात्र हेमराजला नंतर कितीतरी दिवस दिसत राहिलं.

२७ डिसेंबरला दुपारी आभाळ भरून आलं आणि संध्याकाळी पाऊस कोसळला. रात्रभर पडला, दुसऱ्या दिवशीही पडला. सौंसरकडच्या दोन-तीन गावांत गारा. जिनिंगच्या अंगणातला कापूस झाकताना हेमराज भिजून चिंब झाला. ताडपत्री ओढता ओढता त्याच्या डोक्यात एकच आलं: ताण तुटला.

बागायतदारांना हे सांगावं लागत नाही. तहानलेल्या झाडाला मधेच पाणी मिळालं की ते फुलायचं सोडून पालवीवर जातं. कोवळी नवती फुटू लागली तर बहार गेला. मग ती थांबवायला फवारणी, झाडाच्या आळ्यातलं पाणी काढणं, मजूर शोधणं; आणि हे सगळं आठ दिवसांत. २८ तारखेच्या रात्रीपासून हेमराजचा फोन वाजू लागला.

"बाबू, आपलं नाही जमत यंदा."

"हेमराजभाऊ, बाग सोडून कसा येऊ सांग?"

भगवंतरावांचा फोन सगळ्यात शेवटी आला, आवाज बसलेला. "नऊशे झाडं हायेत रे. पंप तिघांकडं मांगून राहिलो, एक नाही भेटला. तू ते कॅन्सल कर. अन पैशाचं पाहजो."

अकरा बागायतदार गेले. उरलेल्या तिघांत गाडी परवडत नाही, म्हणून मास्तर आणि दुकानदारही गेले. ३० तारखेला रात्री हेमराजनं यादीतल्या तेरा नावांवर रेघ मारली. भाऊरावांचं नाव आधीच कापलेलं होतं. उरला तो एकटा.

बायको प्रेमलता बाजूला कोथिंबीर निवडत होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं. "सुट्टी मंजूर हाय नं तुमची?"

"हाव. वापस करतो उद्या."

"कायले करता? पस्तीस सालात भेटली एक."

"एकटा जंगलात जाऊन काय करू? झाडाले मोजू?"

"भाऊरावले घेऊन जा नं. त्याहीच्याकडं तं बगीचा नाही."

हेमराजनं यादीची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. त्या पाकिटाचं प्रेमलताला माहीत नव्हतं. पण तिला न सांगितलेल्या गोष्टी तिच्याकडं कुठून तरी पोचायच्याच.

"बोलले असान काहीतरी त्याहीले," ती म्हणाली. "जा अन सांगा खरं. किती दिवस घेऊन फिरता?"

तो गेला. भाऊराव दारातच उभे होते. आत यायचं की बाहेर जायचं ते कळत नव्हतं, कारण पाय चौकटीत अडकले होते. सुमनबाईंनी त्यांच्या पुढं जमिनीवर लाटणं आडवं ठेवलं. त्यांनी ते ओलांडलं आणि सुटले.

"जयभीम. काय काटाबाबू, जागा झाली का?"

"झाली."

"किती?"

"तेरा."

भाऊराव हसले ते इतके की त्यांना खाटेला धरून बसावं लागलं. सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांनी गोळ्यांचं पान आणलं, वेळा लिहून दिल्या, चार वेळा चार प्रकारच्या, आणि म्हणाल्या, "भाऊजी, मी नाही म्हणून नाही राहिली. पण जसे नेता तसे आणजा."

गाडी नव्हती, तेव्हा ३ जानेवारीला सकाळच्या बसनं दोघं निघाले. सौंसरला बस वीस मिनिटं थांबली. मंडळातले अकरा बागायतदार या वेळी आपापल्या बागेत फवारणी करत असणार. घाटात भाऊराव खिडकीला डोकं टेकून झोपले. हेमराज जागा होता. खांद्याला लटकवलेल्या पिशवीत दोन घोंगड्या, गोळ्या, पाणी, भाकरी, चटणी. छिंदवाड्याला बस बदलली. तामियाच्या स्टँडवर विजय उइके घ्यायला आला होता, जुनी जीप घेऊन.

"बाबूजी, पंद्रह लोग बोले थे आप."

"बाकी के तेरह बगीचे में हैं."

"अच्छा, ओले गिरे ना उधर. फिर आप दो ही सही. तंबू रहने दो, ठंड है, घर में सो जाओ. खाना भी घर का."

ठरल्या वेळापत्रकातलं काही उरलं नाही. साडेपाचला उठून योग असं त्यानं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघं सातला उठले. शेताच्या बांधावर सतरंजी टाकली. भाऊरावांना आसन असं एकच जमत होतं, मांडी घालून बसणं, तेही हेमराजनं पाय दुमडून दिल्यावर. समोर डोंगरावर धुकं होतं. त्यांनी डोळे मिटले. हात मांडीवर हलत राहिला, पण चेहरा हलला नाही. हेमराजनं डोळे मिटले तसे त्याला काट्याबाहेरच्या गाड्या दिसल्या, मग मालक, मग त्या पाकिटातल्या नोटा. दहा मिनिटं त्याला तासाएवढी वाटली.

दहाला ते निघाले. विजयनं वाट दाखवली: जंगलातून चार किलोमीटर, शेवटी कडा, खाली खोल दरी. चांगल्या पायांना दीड तास. विजय पुढं, मग भाऊराव नव्या बुटांत, मागं पिशवी घेतलेला हेमराज. पहिला एक किलोमीटर बरा गेला. साजाच्या झाडांच्या वाळक्या पानांवर भाऊरावांची छोटी छोटी पावलं घासत होती. डावा खांदा खालीच. मधेच त्यांनी हात तिकडं नेला, पट्टा सावरायला, आणि पट्टा नाही हे कळून हात खाली घेतला.

मग एक नाला आला. पाणी नव्हतं, फक्त दोन खडकांमधली अरुंद फट आणि पुढं चढ. भाऊराव तिथं थांबले ते थांबलेच.

"चाला."

"चालतो."

पाय हलेनात. हेमराजनं हात ओढला तसे ते पुढं झुकले, पाय मागंच. पडता पडता वाचले. वाटेत काठी आडवी ठेवून पाहिली, इथं खडक असल्यानं तेही जमेना. अर्धा तास गेला. उन्हात हेमराजचं डोकं दुखायला लागलं. सुमनबाईंनी सांगितलेलं 'जसे नेता तसे आणजा' कानात वाजत होतं. तो दगडावर बसला. इतका थकवा त्याला कधी आला नव्हता. आणि तो फक्त आजचा नव्हता.

"जागा कमी नव्हती, भाऊराव," तो म्हणाला. "गाडी सतराची होती."

"मालूम हाय."

"मालूम हाय?"

"चौदा सीटची गाडी पांढुर्ण्यात कोणाकडं हाय? मी पोस्टमन होतो बापा. कोणाच्या दारात काय उभं असते ते मले मालूम नसन?" भाऊराव खडकाला धरून उभेच होते. मग त्यांनी विचारलं, "बीमारीसाठीच काढलं नं? दुसरं काही नाही नं?"

हेमराजनं वर पाहिलं. प्रश्न कोणता आहे हे त्याला समजलं. त्या सकाळी शेडखाली कोण काय बोललं, कोण गप्प होतं, हे त्यानं आठवून पाहिलं.

"बीमारीसाठीच. माह्या कानावर तं तेवढंच आलं."

"मंग ठीक हाय. ठीक म्हणजे, ठीक नाही. तू तरी खरं सांगायचं होतं."

"हाव."

उठायचं म्हणून हेमराजनं गुडघ्यावर हात ठेवला आणि उठताना, गाठी ट्रकवर चढताना त्याच्या तोंडून आपोआप निघायचं तसं, निघालं: "लाभ..." इलेक्ट्रॉनिक काट्याच्या आधी, म्हाताऱ्या मुनीमाच्या हाताखाली तो मोजणी शिकला होता. मोजताना एक म्हणायचं नाही. पहिल्याला लाभ म्हणायचं, मग दोन, तीन. सूर ठरलेला, हमाल त्याच सुरात पाऊल टाकतात.

भाऊरावांचा उजवा पाय उचलला गेला.

दोघंही त्या पायाकडं पाहत राहिले.

"म्हण," भाऊराव म्हणाले. "पुढं म्हण."

"दोन हो दोन... तीन हो तीन..."

फट मागं पडली. चढ सुरू झाला. हेमराज शंभरापर्यंत जायचा, पुन्हा लाभपासून सुरू करायचा. सूर तुटला की भाऊराव थांबत. पाणी प्यायलाही सूर तोडायची सोय नव्हती. विजय पुढं चालता चालता मागं वळून पाही आणि मान हलवी. "बाबूजी, ऐसा तो हमने किसी ग्रुप में नहीं सुना."

"ग्रुपवाले आठ हजार देते हैं," भाऊराव म्हणाले. "उनके पैर चलते हैं."

अडीच वाजता एका वळणावर विजय थांबला. झाडी विरळ झाली होती, समोर आभाळ मोठं दिसत होतं. कडा अजून अर्धा-पाऊण किलोमीटर. हेमराजनं घड्याळ पाहिलं. आले तेवढंच परत जायचं होतं, आणि साडेपाचला जंगलात अंधार. त्याचा घसा सुकून गेला होता.

"भाऊराव, वापस फिरावं लागन."

भाऊरावांनी त्या मोकळ्या आभाळाकडं पाहिलं.

"फिरू. आज काही पोचवायचं थोडी हाय." ते वळले. हेमराजनं लाभ म्हटलं, दोन म्हटलं. दहा पावलांवर भाऊराव स्वतःच थांबले. "पाह्यलं असतं तं बरं झालं असतं पण."

"हाव," हेमराज म्हणाला. "बरं झालं असतं."

अंधार पडता पडता ते विजयच्या अंगणात पोचले. भाऊरावांच्या नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या होत्या. हेमराजला पुढचे चार दिवस बोलता येईना. सोमवारी काट्यावर तो बोटांनी आकडे दाखवत होता, आणि हमाल विचारत होते, बाबू, जंगलात कोणावर ओरडले?

आगाऊ दिलेले दोनशे दहा कापून तेरा जणांना त्यानं १,३४० रुपयांप्रमाणे परत केले. भगवंतरावांनी विचारलं, "तंबूत झोपलेच नाही तं दोनशे दहा कशाचे?" त्यांच्या बागेत निम्म्या झाडांनी नवती काढली होती, म्हणून हेमराजनं त्यांना बागेचंच विचारलं. भाऊरावही पुन्हा शेडमध्ये येऊन शेवटची दहा मिनिटं सगळ्यांना बसवू लागले. भगवंतराव त्यांच्यासाठी भिंतीकडची जागा राखून ठेवू लागले.

मार्चपासून भाऊरावांचं येणं बंद झालं. ३१ मे रोजी हेमराजला शाल मिळाली. त्या समारंभाची हार-नारळाची यादीही त्यानंच केली होती. आता संध्याकाळी तो रेल्वे फाटकाजवळच्या निळ्या दरवाजात उभा राहून मोजतो. जूनमध्ये भाऊराव गल्लीच्या टोकापर्यंत एकशेचाळीस पावलं चालायचे. दिवाळीच्या सुमारास साठावरच थांबू लागले. सुमनबाई दारात खुर्ची घेऊन बसतात आणि मोजणी चुकली तर सांगतात.

जंगलातून परतीच्या दिवशी छिंदवाड्याच्या स्टँडवर हेमराजचा मोबाइल बंद पडला होता आणि खिशात दहाची एकच नोट होती. पांढुर्ण्यापर्यंतची दोन्ही तिकिटं भाऊरावांनी काढली. हेमराजच्या तिकिटाचे ते १३० रुपये भाऊरावांना अजून द्यायचे आहेत.